माळ्यावर आजोबांचा गोळ्यांचा साचा सापडला, शिसं घरी ओतायचं म्हणतोय

सत्तरीकर
नमस्कार मंडळी. गोव्यात सत्तरी तालुक्यातलं, वाळपईजवळचं आमचं जुनं घर उतरवायला घेतलंय, कौलं काढून स्लॅब घालायचाय, म्हणून गेले दोन रविवार माळा रिकामा करतोय. भाताच्या कणगीमागे एक लोखंडी वस्तू मिळाली. आत्या म्हणाली अडकित्ता आहे. मलाही तसंच वाटलं, पण तोंडाला पातं नाही, दोन अर्ध्या वाट्या आहेत, बंद केल्या की आत गोटीएवढी गोल पोकळी आणि वरून बारीक भोक. बाबांनी बघितल्याबरोबर सांगितलं, हा गोळ्या ओतायचा साचा. आजोबांकडे ठासणीची बंदूक होती, शेतात रानडुकरं यायची म्हणून, रीतसर लायसनची. निवडणूक आली की ती पोलीस ठाण्यात जमा व्हायची आणि आजोबा गेल्यावर जी जमा केली ती कायमचीच.

तर आता डोक्यात किडा शिरलाय. यूट्यूबवर बघितलं तर अमेरिकेत माणसं गॅरेजमध्ये बसून शिसं वितळवतात, गोळ्या ओततात, रिकामी पितळी काडतुसं परत भरतात, तासन् तास बघत बसलो मी, बायको म्हणाली काय बघताय एवढं, म्हटलं स्वयंपाकाचाच प्रकार आहे. मला बंदूक नको, माझ्याकडे नाही, पण हा साचा एकदा चालवून बघायचाय, दहाबारा गोळ्या ओतायच्या आणि बरणीत घालून शोकेसमध्ये ठेवायच्या. कोणी केलंय का? शिसं कुठे मिळतं आपल्याकडे?

कोर्टाची_पायरी
सत्तरीकर, आधी थांबा. शोकेस वगैरे विसरा.

शस्त्र कायदा १९५९, कलम ५. लायसन नसताना दारूगोळा बनवणं सोडाच, विकणं, दुरुस्त करणं, विक्रीसाठी ठेवणं सगळंच बंद. आणि शिक्षा कलम २५ मध्ये. २०१९ च्या दुरुस्तीआधी ती तीन ते सात वर्षं होती, आता कमीत कमी सात वर्षं आणि जास्तीत जास्त जन्मठेप. लोकांना वाटतं की दारू भरलेलं जिवंत काडतूस असलं तरच गुन्हा. तसं नाही. 'दारूगोळा' या शब्दाची कायद्यातली व्याख्या वाचा, त्यात दारूगोळ्याचे सुटे भाग आणि तो बनवायची यंत्रसामग्रीसुद्धा धरलेली आहे. तुमचा अडकित्ता त्यात बसतो की नाही यावर मी इथे मत देणार नाही, पण वकिलाला घेऊन ठाण्यात एक अर्ज द्या, वस्तू कुठे, कशी मिळाली ते लिहून. शंभर वर्षं जुनी असली तरी द्या. आणि तोपर्यंत फोटो इकडे टाकू नका कृपा करून.

टेक्सासचा_गोंयकार
मी तुम्ही बघितलेल्या त्या गॅरेजवाल्यांपैकी एक 🙂 मूळचा म्हापशाचा, बावीस वर्षं झाली इकडे.

इथे स्वतःपुरतं भरायला कायद्याने मोकळीक आहे, म्हणून लोक करतात, आणि करतात ते मुख्य म्हणजे पितळेमुळे. काडतुसात महाग भाग ती पितळी नळीच, आणि ती उडत नाही, बंदुकीतून बाहेर पडते, उचलून परत वापरता येते. पण व्हिडिओत जे दिसत नाही ते सांगतो. दारू ग्रेनमध्ये मोजतात, एका पौंडात ७००० ग्रेन, म्हणजे चिमटीतली चिमूट. टेबलावर एका वेळी एकच डबा, फोन बाजूच्या खोलीत, बोलायला कोणी आलं तर काम थांबवायचं, वही लिहायची. माझा एक मित्र याला ध्यान म्हणतो. मला ते कारकुनी काम वाटतं, पण आवडतं.

शिसं ओतणं मात्र मी सोडलं. चार वर्षं ओतलं आणि मग रुटीन तपासणीत रक्तात शिसं जास्त निघालं. धुराने नाही म्हणे, वरची राखाडी मळी काढताना जी धूळ उडते तिने, आणि त्याच हाताने मी चहाबिस्किट खात होतो. डॉक्टरने फक्त एवढंच विचारलं, "मुलं किती लहान आहेत?" त्या रात्री सगळं सामान अंगणाच्या शेडमध्ये गेलं, ते आजतागायत तिकडेच.

भारतात हे करू नका. कोर्टाची_पायरी बरोबर सांगतायत.

सत्तरीकर
बापरे. बरं झालं विचारलं. साचा पिशवीत बांधून ठेवला, सोमवारी चुलत भावाला घेऊन जातो, तो वकिलीच करतो.

पण शिसं ओतायची हौस मात्र गेली नाही, खरं सांगतो.

गरीवाला_बेती
मग गरीची, म्हणजे मासे धरायच्या गळाची, वजनं ओत की! एवढं काय. आमच्यासारखी माणसं आयुष्यभर शिसंच ओततायत, कुठल्या कलमात न बसता.

मी बेतीचा, वयाच्या आठव्या वर्षापासून मांडवीत गरवतोय. जून-जुलैत ट्रॉलर बंद असतात ना, १ जून ते ३१ जुलै, तेव्हा मार्केटात मासे महाग आणि नदीकाठी गरी घेऊन बसणाऱ्यांची रांग, जेटीवर उभं राहायला जागा मिळत नाही. तर वजन हा आपला रोजचा खर्च. एका संध्याकाळी दगडात अडकून पाच-सहा जातात. दुकानात पन्नास ग्रॅमचा तुकडा घ्यायला गेलो की शिशाच्या भावापेक्षा आकाराचेच पैसे जास्त, म्हणून घरी ओतायचं.

आता वजन म्हणजे नुसतं जड असून भागत नाही. मांडवीत उधाणाची ओहोटी लागली की पाणी असं ओढतं की गोल वजन गोटीसारखं गडगडत जाऊन शेजाऱ्याच्या तंगुशीत, म्हणजे गरीच्या नायलॉन दोरीत, गुंततं, मग भांडण. तिथे चौकोनी पिरॅमिडसारखं पाहिजे, ते चिखलात रुतून बसतं. भांगाच्या, म्हणजे भरती-ओहोटी कमी असते त्या दिवसांत पाणी मंद, तेव्हा ३० ग्रॅमचं गोल पण पुरे, आणि शेवटे माशांसाठी तर त्याच्याहून कमी. खडकावर, म्हणजे दोना पावलाच्या बाजूला किंवा शापोऱ्याला वगैरे, लांबुळकं निमुळतं घ्यायचं, फटीत कमी अडकतं.

शिसंच का? घनता ११.३४. लोखंड ७.८७. म्हणजे शंभर ग्रॅमचं शिसं नऊ घन सेंटिमीटरच्या आत मावतं आणि तेवढंच लोखंड जवळपास तेरा घेतं. आकार मोठा झाला की पाणी त्याला जास्त ढकलतं, हवेत फेकलंस की वारा जास्त पकडतो. वर शिसं ३२७ अंशाला वितळतं, घरच्या गॅसवर होतं, म्हणून हजारो वर्षं माणसाने तेच वापरलं.

शिसं कुठून आणायचं ते सांगतो. टायरवाल्याकडे चाकांच्या बॅलन्सिंगची जुनी वजनं असतात, सांगून ठेवलंस तर डबाभर मिळतात. पण सगळी शिशाची नसतात हल्ली, जस्ताची आणि लोखंडाची पण येतात. पकडीने चिमटून बघ, शिसं दबतं, जस्त कडक. जस्त ४२० अंशाच्या आसपास वितळतं, म्हणून आच कमी ठेवलीस तर ते वर तरंगत राहतं, डावाने काढून टाक. जास्त आच दिलीस आणि ते विरघळलं तर अख्खा घाणा गेला, लापशीसारखं होतं. आणि बॅटरीतलं शिसं कधीही कधीही घेऊ नकोस. त्यात आम्ल असतं, प्लेटांमध्ये काय काय मिसळलेलं असतं, ते वितळवताना विषारी वायू सुटू शकतो. भंगारवाला म्हणेल स्वस्त आहे. नको.

नाणूसचा_पोर
गरीवाला_बेती 👏

विषय निघालाच आहे तर बारा बोअर म्हणजे काय ते किती जणांना माहीत आहे? बंदुकीच्या नळीत बरोबर बसणाऱ्या बारा शिशाच्या गोळ्या एक पौंडात बसतात म्हणून बारा. म्हणजे आकडा वाढला की नळी बारीक. एक गोळी साधारण ३८ ग्रॅम. म्हणजे गरीवाल्यांच्या हिशोबाने भांगातलं वजन 😄

आणि छर्रे पहिल्यांदा नीट गोल केले ते इंग्लंडच्या ब्रिस्टलमधल्या विल्यम वॉट्सने, १७८२ चं पेटंट, उंचावरून चाळणीतून वितळलेलं शिसं पाण्यात सोडायचं, पडतापडता थेंब आपोआप गोल होतो. त्यासाठी पुढे उंच मनोरे बांधले लोकांनी.

सत्तरीतल्या जुन्या घरात गोळ्यांचा साचा सापडणं मला तरी नवल वाटत नाही. १८५२ मध्ये पोर्तुगिजांविरुद्ध उठाव करून दिपाजी राणेंनी इथला नाणूसचा किल्ला घेतला तेव्हा बंदुका होत्याच, आणि गोळ्या काय पणजीहून मागवत होते काय.

सत्तरीकर
माझ्या आजोबांचा साचा १८५२ चा नाही हो, बाबांना जास्तीत जास्त सत्तर वर्षांचा वाटतो 😀

सत्तरीकर
(चार दिवसांनी)
मंडळी, शिव्या घाला, मी तयार आहे.

टायरवाल्याकडून तीन किलो मिळालं. पर्वरीला फ्लॅट आहे, तिकडे शक्य नाही, म्हणून शनिवारी वाळपईला अंगणात मांडलं. जुना स्टोव्ह, आईची फुटलेल्या कानाची बिडाची कढई. साच्यासाठी मी हुशारी केली, घर उतरवताना निघालेले चिरे पडले होते, त्यातल्या एकाला छिन्नीने चार खळगे पाडले, छान पिरॅमिडसारखे. वाटलं चिरा काय, दगडच तो, तापला तरी काय होणार.

पहिल्या खळग्यात ओतलं. अर्धा सेकंद काही नाही. मग फट्ट करून सगळं शिसं वर. थेंब माझ्या चपलेवर, कोंबड्याच्या खुराड्यावर, एक मनगटावर. चष्मा होता म्हणून डोळा वाचला, तोही साधा नंबरचा. मनगटावर तांदळाएवढा फोड आहे. कोंबडा अजून अंगणात यायला तयार नाही.

काय झालं नक्की? चिरा तर कोरडाच होता, दोन दिवस उन्हात.

गरीवाला_बेती
अरे बाबा!!!

चिरा कधी कोरडा असतो काय गोव्यात? जांभा दगड तो, स्पंजासारखा, भोकाभोकांचा, जून गेला की मार्चपर्यंत आत ओल धरून असतो. वरून हात लावला तर कोरडा. पाण्याची वाफ झाली की साधारण सोळाशे-सतराशे पट फुगते, आणि ती वाफ तुझ्या शिशाच्या खाली अडकली होती, मग ती दुसरीकडे कुठे जाणार, वरच येणार. सिमेंटच्या जमिनीवर सांडलं तरी तसंच उडतं. आणि ओलं वजन, ओला डाव कढईत टाकला तर याच्या दहापट. पाऊस पडायची शक्यता असेल त्या दिवशी आम्ही पेटवतच नाही, एक थेंब कढईत पडला की संपलं.

चामड्याचे बूट, लांब पँट बुटाच्या वर, पूर्ण चष्मा, वेल्डरचे हातमोजे. चपला घालून शिसं ओतणारा तू पहिला नाहीस, मीही केलंय, माझ्या डाव्या पायाच्या बोटावर खूण आहे.

पेडण्याची_लॅबवाली
मनगटाला बरं आहे ना? फोड फोडू नका.

मी तपासणीच्या लॅबमध्ये काम करते म्हणून दोन शब्द. रक्तातल्या शिशाचा आकडा मायक्रोग्रॅम प्रति डेसिलिटरमध्ये येतो. लहान मुलांसाठी अमेरिकेच्या सीडीसी या सरकारी आरोग्य संस्थेने २०२१ मध्ये ३.५ ही रेषा धरली, म्हणजे त्याच्या वर गेलं की लक्ष द्या. पण त्याच्याखाली सुरक्षित असं नाही, जागतिक आरोग्य संघटनेचं सरळ म्हणणं आहे की शिशाची सुरक्षित पातळी ठाऊकच नाही. मुलांच्या मेंदूवर परिणाम होतो आणि तो भरून येत नाही.

म्हणून कढई आईची असली तरी आता ती स्वयंपाकघरात परत जाणार नाही. डाव पण नाही. त्यावर रंगाने 'शिशाची' असं लिहून ठेवा. ओतताना घातलेले कपडे मुलांच्या कपड्यांबरोबर मशीनमध्ये टाकायचे नाहीत. वरची मळी झाडूने झाडायची नाही, ओल्या फडक्याने उचलायची (काम थंड झाल्यावर, नाहीतर परत फट्ट). आणि सगळ्यात वाईट सवय म्हणजे छोटे छर्रे तंगुशीवर दाताने दाबून बसवणं. माझे मामा आयुष्यभर दातानेच दाबत आले, सांगून सांगून थकले, शेवटी पकड आणून दोरीने त्यांच्या टोपलीला बांधली. आता पकड वापरतात, पण माझ्यासमोर.

शेटाचा_नातू
साच्याचं मी सांगतो. आमचा धंदा सोन्याचा, आजोबा छोटे दागिने समुद्रफेनात ओतायचे. समुद्रफेन म्हणजे माणकीचं, मराठीत माकुळाचं, ते पांढरं हाड, पावसाळ्यानंतर किनाऱ्यावर पडलेलं असतं, लोक पोपटाला घालतात. एका बाजूने कडक, दुसऱ्या बाजूने खडूसारखं मऊ. दोन हाडं घ्यायची, मऊ बाजू सपाट घासायची, मध्ये नमुना ठेवून दोन्ही एकमेकांवर दाबायची, नमुना काढायचा, वरून ओतायची वाट कोरायची, तारेने बांधायचं. सोनं हजार अंशाच्या वर वितळतं, ते हे हाड सोसतं तर शिशाला काय होतंय. एका साच्यात एक-दोन नगच निघतात, पण फुकट. फक्त हाड खणखणीत वाळलेलं पाहिजे, चुलीच्या वरच्या फळीवर आठवडाभर.

जास्त नग पाहिजेत तर ॲल्युमिनियमचा दोन भागांचा साचा घ्या, तयार मिळतो. ॲल्युमिनियम ६६० अंशाला वितळतं म्हणून शिशाने काही होत नाही. आत मेणबत्तीची काजळी धरायची, म्हणजे चिकटत नाही. पहिले तीनचार नग सुरकुतलेले येणार, साचा थंड असतो ना, ते परत कढईत. साचा तापला की आरशासारखे येतात. आणि शिसं थंड होताना आक्रसतं, वरच्या तोंडाशी खड्डा पडतो, तेव्हा ओतायची वाट जराशी उंच ठेवा.

कढईत चिमूटभर मेण टाकून ढवळलं की मळी वेगळी होते, पण भडका उडतो, वाकून बघू नका.

समुद्र_आधी
सगळं ठीक आहे पण शिसं नकोच असं माझं मत आहे. एका संध्याकाळी पाच-सहा वजनं तळाला जातात म्हणे गरीवाला, म्हणजे वर्षाला किती? मांडवीच्या तळाला किती किलो शिसं असेल याचा विचार केलाय? ब्रिटनने १९८७ पासून २८ ग्रॅमपर्यंतच्या शिशाच्या वजनांवर बंदी घातली, कारण राजहंस खडे समजून गिळायचे आणि मरायचे. डेन्मार्कनेही नंतर शिशाच्या वजनांची विक्री बंद केली. आपल्याकडे कोणाला पडलंय का?

गरीवाला_बेती
पडलंय हो, आम्हाला पण नदी आहे. पण मांडवीत राजहंस नाहीत 🙂

समुद्र_आधी
बगळे आहेत, बदकं येतात थंडीत, खाजनातल्या, म्हणजे नदीकाठच्या खारट सखल शेतांतल्या, चिखलात चोची घालून खातात. हसण्यावारी नेऊ नका.

गरीवाला_बेती
बरं, चुकलं. खरं म्हणजे तुमच्या मुद्द्यात दम आहे. छोटे छर्रे मी पण बंद केलेत, लॅबवाल्या बाईंनी सांगितलं त्याच कारणाने. मोठ्या वजनांसाठी मी एक युक्ती करतो ती सगळ्यांनी करा: मुख्य तंगूस ०.४० मिलिमीटर जाडीची असेल तर वजन एका वेगळ्या ०.२५ च्या तुकड्यावर बांधायचं. अडकलं तर तेवढंच तुटतं, गरी आणि मासा परत येतो. हो, वजन जातं. म्हणून खडकावर मी शिसं वापरतच नाही, तिथे जुने स्पार्क प्लग. गॅरेजवाल्याकडे पोतंभर फुकट मिळतात, पन्नास ग्रॅमच्या आसपास भरतात, टोकाची तार वाकवली की तंगूस बांधायला कडी तयार. शिसं फक्त चिखलाच्या तळाला, जिथे अडकत नाही. आमच्या आजीच्या वेळी जाळ्याला भाजलेल्या मातीचे मणी असायचे, ते पण चालतात पण फुटतात फार.

समुद्र_आधी
स्पार्क प्लगची आयडिया आवडली. भाजलेल्या मातीची त्याहून जास्त. कुंभाराकडे विचारते.

सत्तरीकर
(तीन आठवड्यांनी)
अपडेट.

साच्याचं आधी. चुलत भावाबरोबर अर्ज घेऊन गेलो. तिथल्या हवालदाराने पिशवीतून काढलं, उलटसुलट केलं आणि म्हणाला, "हे काय, अडकित्ता?" मी आणि भाऊ एकमेकांकडे बघत राहिलो. मग समजावून सांगितलं, पंचनामा झाला, पोच मिळाली, वस्तू तिकडेच आहे. आत्या म्हणते, मी काय सांगत होते.

ओतकाम: समुद्रफेन मोरजीच्या किनाऱ्यावरून मुलीने गोळा केली, एकोणीस तुकडे, ओतताना मात्र तिला आणि तिच्या आईला पर्वरीलाच ठेवलं. बूट, मोजे, वेल्डिंगचा चष्मा. चिरे सगळे बाजूला, खाली पत्रा आणि त्यावर तापवून घेतलेली कोरडी रेती. पहिले पाच नग म्हाताऱ्याच्या गालासारखे. सहावा आला आणि मी खरंच एकटाच मोठ्याने हसलो अंगणात. चोवीस झाले, ३५ ते ६० ग्रॅम, हाडातल्या बारीक रेषा प्रत्येकावर उमटल्यात, लाटांसारख्या, इतके सुंदर आहेत की पाण्यात टाकवत नाहीत.

टाकले तरी. काल बेतीला गरीवाल्यांबरोबर बसलो, दोन वजनं गेली, एक तांबसो मिळाला, वीतभर. परत सोडला.

गरीवाला_बेती
सोडला नाही, निसटला. मी शेजारीच होतो.

सत्तरीकर
😐

शेटाचा_नातू
त्या रेषा घासून काढू नका कोणी सांगितलं तरी. आमच्याकडे जुन्या अंगठ्यांना तशाच ठेवायचे.

पेडण्याची_लॅबवाली
सत्तरीकर, रक्त तपासून घ्या एकदा. टेक्सासच्या दादांना विचारा.

टेक्सासचा_गोंयकार
घ्या. आणि गरीवाले, डिसेंबरात येतोय, एक जागा धरून ठेवा जेटीवर. स्पार्क प्लग इकडून आणू का?

गरीवाला_बेती
नको, कस्टमवाल्यांना काय सांगशील. तू फक्त ये.